पुढच्या खोलीतलं पातळ

१

मंगळवारी संध्याकाळी स्वरदानं पुढच्या खोलीचं कुलूप काढलं, दिवा लावला, आणि जिथे पातळ असायला हवं होतं तिथे नुसतं टेबल होतं.

कुलूप शाबूत होतं. खिडक्यांना गज होते. त्या गजांतून फार तर एखादं मांजर आलं असतं, पण मांजर काही घडी घातलेलं पातळ बगलेत मारून जात नाही, निदान चेन्नईच्या नुंगंबाक्कममधलं तरी नाही.

स्वरदाची हाक ऐकून घरमालक चंद्रमौळी जेवणघरातून आले. दुपारचं श्राद्धाचं जेवण अंगावर आलं होतं, तरी रिकामं टेबल पाहताच त्यांचं नाक ताठ झालं. या नाकाबद्दल त्या भागात जेवढ्या कथा सांगतात त्यातल्या निम्म्या त्यांनी स्वतःच पेरलेल्या आहेत. उरलेल्या निम्म्या खऱ्या असायला कुणाची हरकत नाही. सगळी नोकरी त्यांनी विमा कंपनीत काढली, आगीचे दावे तपासण्यात. आवडी नावाच्या उपनगरात एक गोदाम जळालं, तेव्हा म्हणे त्यांनी राखेची चिमूट जिभेवर ठेवली, डोळे मिटले आणि सांगितलं, की यात रेशीम नव्हतंच, रिकामी पोती होती, आणि तीही शेजाऱ्याकडून मागून आणलेली. मालक जागच्या जागी मटकन बसला. शेजारी त्याच्याही आधी बसला.

"उद्या सूर्य मावळायच्या आत पातळ इथे असेल," चंद्रमौळी म्हणाले.

ते पातळ म्हणजे साधंसुधं लुगडं नव्हतं. चेंगलपट्टूच्या पलीकडे पुत्तुक्काडू नावाचं झुडपांचं रान आहे, सगळीकडे वारुळंच वारुळं. तिथल्या वस्तीतले इरुळ लोक साप धरतात, कंद खणतात, आपली माणसं तिथेच पुरतात. त्या रानाभोवती आता एका कंपनीच्या गोदामांची भिंत येऊ घातली होती. रान तुमच्या वहिवाटीचं आहे हे दाखवा, मग हक्क देऊ, असं कायदा म्हणतो. वस्तीकडे कागद नव्हता. मग बायकांनी वस्तीतल्या थोरल्या पच्चैयम्माचं जुनं पातळ अंगणात पसरलं आणि हळद, चुना, कोळसा, पाल्याचा रस घेऊन त्यावर अख्खं रान काढलं. कन्नियम्मादेवीचे सात दगड, कंदांच्या जागा, सापांची वारुळं. एका कोपऱ्यात पच्चैयम्माच्या थोरल्या बहिणीनं पुरलेल्या माणसांच्या जागा काढल्या, कारण कोण कुठे निजलंय हे तिलाच पक्कं ठाऊक होतं. उन्हाळ्यात ती बहीणही त्यांच्यात जाऊन निजली.

एक अट होती. फोटो काढायचा नाही. फोटो एका फोनवर गेला की दहा फोनवर जातो, आणि मग कंदही उरत नाहीत नि सापही. पातळ फक्त गुरुवारी चेंगलपट्टूला वनहक्क समितीच्या सुनावणीत साहेबांपुढे उलगडायचं आणि घडी करून परत न्यायचं.

सोमवारी पच्चैयम्मानं ते चंद्रमौळींच्या दोन्ही हातांत ठेवलं होतं. त्यांनी आपल्या घराची पुढची खोली या लोकांच्या मदतकेंद्राला फुकट दिली होती, दारावर पाटी लावली होती, आणि ती पाटी दिसेल अशा बेतानं ते सकाळचा पेपर ओसरीवर वाचत. "अय्या, तुमच्या घरी ठेवा," पच्चैयम्मा म्हणाली होती. "इथून काही हरवणार नाही." कपाटाची किल्ली घेऊन स्वरदा आधीच निघून गेली होती, म्हणून त्यांनी पातळ टेबलावर ठेवलं आणि खोलीला बाहेरून कुलूप लावलं. त्या कुलपाच्या किल्ल्या तिघांकडे: ते स्वतः, पुण्याहून आलेली वकील स्वरदा, आणि आवडीला राहणारा, मोटारीच्या कारखान्यातला इंजिनियर महेश, जो सुटीच्या दिवशी केंद्राचं काम करी. खोलीला आतून जेवणघरात उघडणारं एक दार होतं, पण त्याची कडी घराच्या बाजूला. घरच्या दाराला कोण मोजतो?

मंगळवारी त्यांच्या आईचं श्राद्ध. तंजावरहून आलेलं हे मराठी घराणं. मद्रासचं चेन्नई झालं तरी यांचं सोवळं आहे तिथेच आहे. सकाळी पंचा गुंडाळून, डोक्यावरून पाणी निथळत, चंद्रमौळी घरभर हुकूम सोडत फिरले. केळीची पानं पुसा, तीळ काढा, ब्राह्मणांची पानं मांडायची त्याच्या आसपास बाहेरचं काही राहायला नको, माझा मुकटा कुठे आहे, कावळ्याला हाक कोण मारणार. त्यांची पत्नी श्रीरंजनी दर हुकमाला "सरी", म्हणजे तमिळमधलं "बरं", म्हणत होती. लग्न झाल्यापासून ती "सरी"च म्हणत आली होती.

आणि त्याच संध्याकाळी टेबल रिकामं.

२

पोलिसांना कळवायचं नाही असं ठरलं. बातमी बाहेर गेली तर कंपनीचा वकील सुनावणीत म्हणणार, नकाशा नव्हताच. भिंत उभी राहिली की पच्चैयम्माला बहिणीच्या मातीवर फूल ठेवायलासुद्धा पहारेकऱ्याची परवानगी लागणार.

बुधवारी सकाळी चंद्रमौळींनी खोली हुंगायला घेतली. टेबलाखालची फरशी बाकीच्या फरशीपेक्षा उजळ होती. ते गुडघ्यांवर बसले, नाक टेकवलं, आणि शेणाच्या पाण्याचा वास त्यांनी अचूक ओळखला. जेवणघराच्या दारामागे एक लांब बांबूची काठी टेकलेली होती. ती उचलून त्यांनी वर्गातल्या मास्तरांसारखी फरशीवर टेकवली.

"पाहा. चोरानं पायांचे ठसे पुसले. आणि पुसले कशानं, तर श्राद्धाच्या घरात कुणाला संशय येणार नाही अशा पाण्यानं. अट्टल माणूस आहे."

स्वरदा म्हणाली, की एवढा सोवळ्यातला चोर तिनं कोर्टात अजून पाहिला नव्हता. चंद्रमौळींनी तिकडे लक्ष दिलं नाही. काठीच्या टोकाला पिवळा डाग होता, तो त्यांनी पंच्यानं पुसला.

पहिला संशय वेंकटवर. वरच्या मजल्यावरचा हा भाडेकरू समुद्राकाठच्या रस्त्यावर प्लॉट विकायचा. त्याच्या जाहिरातीत समुद्र नेहमी हाकेच्या अंतरावर असे, प्लॉट कुठेही असो. चंद्रमौळींनी त्याला परसात कढीलिंबाच्या झाडाखाली गाठलं. झाडाच्या आळ्यातली माती पिवळट, हिरवट झाली होती. स्वयंपाकिणीनं भांडी इथे विसळली असावीत, असं म्हणून ते पुढे सरकले आणि वेंकटच्या शर्टाजवळ नाक नेलं.

वेंकटनं सांगितलं की तो मंगळवारी दिवसभर शहराबाहेरच्या कोवलमला होता, गिऱ्हाइकाला घेऊन, आणि बसनं परत आला. शर्टाला मासळीचा वास होता. वासानं साक्ष दिली.

"मामा, मी कशाला चिंधी चोरू?" वेंकट दात कोरत म्हणाला. "हळदीनं काढलेलं रान साहेब बघतील आणि हसतील. माझं काम फुकटात होईल. आणि काल तुमच्या उंबऱ्याच्या आत कोण शिरू शकणार होतं? मडी आहे, सोवळं आहे, म्हणून मामींनी मला परसातल्या नळालासुद्धा हात लावू दिला नाही."

चंद्रमौळींनी ते ऐकलंच नाही. ते घाईनं पुढच्या खोलीकडे वळले. हाक देणारी स्वरदाच होती; आता एकच नाव उरत होतं.

३

महेश रजा टाकून आला होता. कारखान्यातून एका दिवसाची रजा मिळवणं म्हणजे काय असतं हे त्यानं कुणाला सांगितलं नाही.

फोटो काढू द्या म्हणून मागच्या महिन्यात वस्तीवर जाऊन पच्चैयम्माची मनधरणी करणारा तोच. घरी मशीनवर नकाशा नीट उतरवून देतो, असं म्हणणाराही तोच. पच्चैयम्मानं नकार दिला तेव्हा त्याचं तोंड उतरलं होतं, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. चंद्रमौळींनी हे सगळं एकापुढे एक मांडलं, मांडताना हातातली काठी दर मुद्द्याला जमिनीवर आपटली, आणि शेवटी सावकाश विचारलं, की आल्यापासून ही बॅग महेशच्या खांद्यावरून का उतरली नाही?

"मामा, तुम्ही असं म्हणताय की मी..."

"मी काही म्हणत नाही. बॅग उघड."

स्वरदा मध्ये पडली. महेशनं तिला हातानंच थांबवलं. त्यानं बॅग टेबलावर ठेवली आणि चेन ओढली. चंद्रमौळींनी आपल्या हातानं एकेक वस्तू काढली. डबा. छत्री. आणि तळाशी गुंडाळलेलं, जाडसर, पारदर्शक प्लॅस्टिक, पातळाच्या मापाचं, कडांना शिवून घेतलेलं.

"चेंगलपट्टूला पाऊस लागतो हल्ली," महेश म्हणाला. "रंग ओला होऊ नये म्हणून करून घेतलं."

जेवणघराच्या दारात श्रीरंजनी उभी होती. ती काय काम घेऊन आली होती कोण जाणे; ते न करताच आत गेली.

चंद्रमौळींनी प्लॅस्टिक परत गुंडाळायचा प्रयत्न केला. ते त्यांना जमेना. तेवढ्यात फाटक वाजलं. पच्चैयम्मा आली होती.

४

तिला फोन स्वरदानंच केला होता. पच्चैयम्मा ओसरीच्या पायरीवर बसली. खुर्ची पुढे केली तरी खुर्चीवर बसली नाही. चंद्रमौळींनी तिच्यापुढे उभं राहून सगळा तपास पहिल्यापासून सांगितला. शेणाच्या पाण्यानं ठसे पुसणारा चोर, वेंकटची मासळी, कुलपाची रचना. महेशचं आलं तेव्हा त्यांनी तेवढा भाग भराभर उरकला. सांगणं संपत आलं तसं त्यांच्या लक्षात आलं की ही बाई त्यांच्या तोंडाकडे पाहतच नाहीये. ती त्यांच्या हातातल्या काठीकडे पाहत होती.

"बहिणीचा हात होता त्याच्यावर," ती एवढंच म्हणाली. "बाकी आम्ही परत काढू. तो कोपरा मला येत नाही."

स्वरदाचा धीर सुटला. तिनं जरा चढ्या आवाजात विचारलं, "मामा, एवढ्या आगी तपासल्यात. आग लागली की तुम्ही पहिला प्रश्न कोणाला विचारायचात?"

हा प्रश्न त्यांना झोपेतून उठवून विचारला असता तरी उत्तर तयार होतं. शेजारी नंतर, राखणदार नंतर. सगळी नोकरी या एका नियमावर उभी होती.

"मालकाला," चंद्रमौळी म्हणाले.

आणि मग ते हातातल्या काठीकडे बघायला लागले.

त्यांच्या घरात ही काठी लहानपणापासून होती. मडीची काठी. सोवळ्यातली वस्त्रं उंच दांडीवर वाळत घालायची आणि कुणाचा हात न लागता काढायची, ती या काठीनं. तिची जागा मागच्या पडवीत, देवघराशेजारी. तिथून ती हलत नसे. स्वयंपाकाच्या हळदीचा तिच्याशी कधी संबंध येत नव्हता. मग टोकाला पिवळं कुठून आलं? आणि पुढच्या खोलीत ती सकाळपासून काय करत होती?

ज्याला हात लावायचा नाही, ते काठीवर उचलतात. जिथे ठेवलेलं असतं, ती जागा शेणाच्या पाण्यानं पुसतात. जे विटाळलेलं असतं ते पाण्यातून काढतात, आणि ते पाणी कढीलिंबाच्या आळ्यात ओततात, कारण त्यांच्या आजीपासून ते तिथेच ओतत आले होते. चोरानं काहीच लपवलं नव्हतं. सगळ्या खुणा उघड्यावर पडल्या होत्या. त्या त्यांना दिसल्या नाहीत, कारण त्या त्यांच्या घरातल्या रोजच्या गोष्टी होत्या.

काठी त्यांनी ओसरीच्या भिंतीला टेकवली. ती घसरून पडली. उचलली नाही.

५

श्रीरंजनी देवघरापुढे बसली होती. तिच्या मांडीवर एक ओलसर कापड होतं. कधी काळी ते हिरवं असावं. त्यावर हळदीचे फिकट ढग होते, आणि कोळशाच्या रेघा जिथे होत्या तिथे राखाडी पसरट सावली.

"मला विचाराल म्हणून वाट पाहिली," ती म्हणाली. "कोणाकोणाला विचारलांत. मला नाही."

चंद्रमौळींनी विचारलं, की तिला ठाऊक होतं ना ते काय आहे? सोमवारी जेवताना त्यांनीच तिला सगळं रसभरीत सांगितलं होतं.

"ठाऊक होतं. पण श्राद्धाचा दिवस. पानांच्या आसपास बाहेरचं कांहीं राहायला नको म्हणून तुम्हीच सांगितलांत की. मधलं दार उघडलं, समोर ते. हात आपोआप काठीकडे गेला. बादलीत बुडवल्यावर पाणी पिवळं झालं, तेव्हां कळलं मी काय करतेय." तिनं मांडीवरचं कापड सरळ केलं. "तोवर बुडालं होतं."

त्यांना आठवत नव्हतं. मग आठवलं. निथळता पंचा, तीळ, मुकटा, आणि मध्येच ते वाक्य, इतकं सहज की त्याला वाक्य म्हणायचीही गरज नव्हती. आणि त्या वाक्यातलं "बाहेरचं" म्हणजे काय, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. तोंडानं म्हणताना ठाऊक होतं. पाटी त्यांनी स्वतः रंगवून घेतली होती, व्याख्यानं दिली होती, वस्तीवर जाऊन बसून फोटो काढून घेतले होते. पण त्या वस्तीवर ते कधी पाणी प्याले नव्हते. नेहमी घरून बाटली नेत. आतापर्यंत हे कुणी त्यांना विचारलं नव्हतं, म्हणून त्यांनीही स्वतःला विचारलं नव्हतं.

"आज सकाळी का नाही सांगितलंस? त्या मुलाची बॅग..."

"दारात आले होते सांगायला," श्रीरंजनी म्हणाली. "तुम्ही तेव्हां हात घातला होतात बॅगेत. मला लाज वाटली. तुमची की माझी, ते कळेना."

दोघं ओसरीवर आली. ओलं पातळ श्रीरंजनीनं हातात धरलं होतं. चंद्रमौळींनी पच्चैयम्मापुढे सगळं सांगितलं, काठीसकट, बादलीसकट. महेश आणि स्वरदा ऐकत होते. वरच्या गॅलरीत वेंकटसुद्धा ऐकत असावा, कारण त्याच्या फोनवरचं बोलणं थांबलं होतं.

पच्चैयम्मानं कापड घेतलं. कोपरा शोधला, चाचपला, नाकाशी नेला. मग घडी घालून कडेला ठेवलं.

"बायकांना बोलावते," ती म्हणाली. "कापड लागेल."

महेश म्हणाला, चादर आणतो, जवळच दुकान आहे. स्वरदाला जाड कागद सुचला.

"नको. या घरातलं द्या. जे कुणाला शिवू देत नाहीत ते."

चंद्रमौळी उभे होते तसेच राहिले. ते काय म्हणाले असते हे कळायला मार्ग नाही, कारण श्रीरंजनी आत गेली आणि त्यांचा मुकटा घेऊन आली. श्राद्धाला नेसायचा तो रेशमी मुकटा, वडिलांकडून आलेला, ज्याला सून म्हणून ती या घरात आली तेव्हा तिलाही पहिली काही वर्षं हात लावू देत नव्हते. तो तिनं दोन्ही हातांनी पच्चैयम्माच्या हातांत ठेवला.

चंद्रमौळींना तोंडानं "सरी" म्हणायचं होतं, ते फुटेना.

६

वस्तीतल्या बायका संध्याकाळच्या आत आल्या. त्याच पुढच्या खोलीत फरशीवर मुकटा पसरला. हळद आणि चुना घरातूनच मिळाला, कोळसा इस्त्रीवाल्याकडून, पाला कढीलिंबाच्या शेजारच्या झुडपाचा. चंद्रमौळी दारात उभे राहून पाहत होते. आत या असं कुणी म्हणालं नाही, आणि स्वतःहून जायचं धाडस त्यांना झालं नाही. त्यांच्याच घरात. श्रीरंजनीनं सगळ्यांना पाणी दिलं, आणि पच्चैयम्मा पिऊन झाल्यावर त्याच पेल्यातून स्वतः प्याली. हे तिनं नवऱ्याकडे बघून केलं.

रान परत आलं. सात दगड आले, वारुळं आली. एक कोपरा तसाच राहिला, पिवळसर रेशमाचा, कोरा. महेशनं मुकटा आपल्या प्लॅस्टिकमध्ये घातला. चंद्रमौळींनी त्याची क्षमा मागितली. तो "असू दे मामा" म्हणाला. ते "असू दे" इतकं सभ्य होतं, की त्यापेक्षा शिवी बरी वाटली असती.

गुरुवारी चेंगलपट्टूच्या कचेरीत साहेबांनी मुकटा लांब टेबलावर पसरून पाहिला. ते हसले नाहीत. बराच वेळ बोट फिरवत राहिले, मध्येच वनखात्याच्या माणसाला काही विचारलं, त्यानं मान डोलावली. मग बोट कोपऱ्यावर थांबलं.

"हे कोरं का? इथे तुमचं काही नाही?"

कंपनीचा वकील पुढे सरकला. स्वरदा उत्तर द्यायला उठणार होती. पच्चैयम्मा साहेबांकडे पाहत नव्हती. ती मागच्या बाकाकडे पाहत होती.

चंद्रमौळी उठले. "तिथे त्यांची माणसं पुरलेली आहेत. यांच्या बहिणीनं पहिल्या पातळावर ती दाखवली होती. ती बाई आता नाही. ते पातळ यांनी माझ्याकडे विश्वासानं ठेवलं, आणि माझ्या घरात ते धुतलं गेलं."

"चुकून," साहेब सहानुभूतीनं म्हणाले.

शब्द आयता समोर ठेवला होता. नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. शेजारी श्रीरंजनी बसली होती.

"नाही," चंद्रमौळी म्हणाले. "विटाळ नको म्हणून. मीच सांगितलं होतं."

कारकुनाची बोटं थांबली. त्यानं साहेबांकडे पाहिलं, मग चंद्रमौळींकडे, आणि विचारलं, हे लिहू का?

"लिहा."

बाकीचं रान समितीनं ग्राह्य धरलं. कोपऱ्यासाठी साहेब स्वतः जागेवर येऊन माती पाहणार असं ठरलं, आणि तोवर भिंतीचं काम थांबवायचा हुकूम झाला. कंपनीचा वकील फोनवर बोलत बाहेर गेला.

कचेरीच्या आवारात पच्चैयम्मा मुकटा काखेत धरून बसची वाट पाहत उभी होती. चंद्रमौळी तिच्यापाशी गेले, पण काय बोलायचं ते ठरवून गेले नव्हते. तिनंच सोपं केलं.

"पाहणीला तुम्हीही या, अय्या. कोपरा कुठे आहे ते पायांनी बघा." बस आली. पायरीवर चढून ती मागे वळली. "काठी आणू नका मात्र. आमच्याकडे सापसुद्धा हातानं धरतात."